देवाचे माड आणि सुमतीवहिनी

सुमतीवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी बांद्याच्या बाजारात होतो. शेजारी उभ्या ओळखीच्या दुकानदारानं पहिला प्रश्न विचारला, "माडावरसून पडली?" पुढचे कित्येक दिवस भेटेल तो तेच विचारत राहिला... नाही हो! दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. माझ्या चुलतभावाच्या या पत्नी आमच्या देवस्थानाच्या संस्कृत पाठशाळेत शिकवायच्या आणि त्या शाळेसाठी बावन्नाव्या वर्षी माडावर चढायला शिकल्या होत्या, म्हणून हा प्रश्न.

शाळा फीवर कधी चाललीच नाही. जुन्या भाविकांनी देवाला दिलेले माड हीच तिची मिळकत. त्या नारळांवर दोन शिक्षकांचा पगार निघायचा. पुढे माडावर चढणारे गडी गोव्याच्या हॉटेलांत कामाला गेले. नारळ पिकून आपोआप पडू लागले, ज्याला सापडले त्याचे झाले. पगार थकले. देवस्थानाचा सचिव म्हणून शाळा बंद करण्याचा ठराव मीच लिहिला, आणि तोही अगदी वळणदार अक्षरात, याची आज लाज वाटते.

सभेत वहिनी उभ्या राहिल्या. "भावजी, माड देवाचे, नारळ देवाचे, आणि काढूक माणूस नाय म्हणान शाळा बंद करतास? माका एक वरस द्या."

शेतकी खात्याच्या प्रशिक्षणाला जाऊन त्या माडावर चढायचं यंत्र वापरायला शिकून आल्या. पहिल्या दिवशी सगळा गाव गोळा झाला. काहींनी नाकं मुरडली, त्यांत मीही होतो. अर्ध्यावर त्या थांबल्या. घाबरल्या की काय, म्हणून मी माडाच्या बुंध्याशी धावलो, तर वरून आवाज, "भावजी, हयसून तुमचा टक्कल बरा चकाकता!" गाव पोट धरून हसला... आणि विरोध तिथेच मावळला. थकलेले पगार त्याच वर्षी फिटले.

त्या गेल्यावर मात्र माझा धीर सुटला. नारळ काढणीला आले होते, चढणार कोण? तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी अश्विनी आली; वहिनींची विद्यार्थिनी, आता शाळेतली शिक्षिका. "बाईंनी माका माडार चढूक केव्हाच शिकवल्यानी," एवढंच म्हणाली आणि चढायला लागली.

ओसरीवर मुलं स्तोत्र म्हणत होती. एकाचा शब्द चुकला, तसा माडाच्या शेंड्यावरून ठणठणीत आवाज आला, "परत म्हण!" वहिनीही अशाच वरून चुका काढायच्या. मी मान वर केली नाही. थोडा वेळ तो आवाज वहिनींचाच राहू दे, असं वाटलं.