तिसऱ्या खुनाची तारीख

एकामागून एक खून करणाऱ्यांच्या खटल्यांवर पीएच.डी. करायचं मी ठरवलं, तेव्हा माझे मार्गदर्शक एवढंच म्हणाले, की विषय उत्तम आहे, फक्त स्थळं बघताना सांगू नका. सदाशिव पेठेतल्या घरून मी रोज स्कूटरने कोर्टात जायची आणि जुन्या खटल्यांचे कागद वाचत बसायची.

त्यातला एक खटला चार दुकानदारांच्या खुनांचा होता. आरोपीने दंडाधिकाऱ्यांपुढे चारही खून कबूल केले होते. जन्मठेप झाली होती आणि अपील हायकोर्टात पडून होतं. कबुलीजबाब वाचताना मला एक गोष्ट खटकली. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या खुनाबद्दल तो पानंच्या पानं बोलला होता. तिसऱ्याबद्दल मात्र एकच ओळ होती: ‘तोही मीच केला.’

मी त्याचे आधीचे गुन्हे शोधायला लागले. दोन महिन्यांनी शेजारच्या जिल्ह्यातली सायकलचोरीची एक किरकोळ नोंद सापडली. तिसरा खून झाला त्या दिवशी हा माणूस तिथल्या कोठडीत होता. मार्गदर्शकांनी तारीख तीनदा तपासायला लावली, मग त्याच्या वकिलांकडे कागद पाठवले. हायकोर्टाने त्या एका खुनातून त्याला निर्दोष सोडलं; बाकी शिक्षा कायम राहिली.

बातमी छापून आल्यावर वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. खुन्याची बाजू घेतली, असं त्यांना वाटलं.

त्याच आठवड्यात तिसऱ्या मृताचा भाऊ घरी आला. कसबा पेठेत त्यांचं तांब्याच्या भांड्यांचं दुकान होतं. तो भांडायला आला असणार, असं मला वाटलं. त्याने पाणीसुद्धा घेतलं नाही. वडिलांसमोरच म्हणाला, “ताई, आमच्या भावाला कुणी मारलं ते आम्ही पहिल्यापासून सांगत होतो. एकावर चार खून बसले आणि आमचं ऐकणंच थांबलं. आता पोलिस परत दुकानात येऊन गेले.”

वर्षभरात त्या खुनासाठी मृताच्या दुकानातल्या भागीदाराला अटक झाली. पुढे त्याला शिक्षाही झाली.

आता पोलिस प्रशिक्षण केंद्रात नव्या फौजदारांना शिकवताना मी तो कबुलीजबाब वाचायला देते. खटकलेल्या ओळीखाली रेघ मारा, म्हणते. दरवर्षी दोघंतिघं तरी बरोबर त्याच ओळीखाली रेघ मारतात, आणि माझा ऊर भरून येतो.