माळवदावरचा किशन

सेलूहून येणाऱ्या एका सहकाऱ्याने शिक्षकखोलीत सहज सांगितलं, "सर, ते टीव्हीवरचे मिस्त्री गेले म्हणे. तुमच्या बोरीचेच ना?" मी हो म्हणालो आणि वह्या तपासत राहिलो. ते मिस्त्री म्हणजे किशन, चौथीपर्यंत माझ्याबरोबर एकाच वर्गात शिकला, आयुष्यभर मला 'वसंता' म्हणत आला, हे काही माझ्या तोंडून निघालं नाही. त्या गोष्टीला आता दीड महिना झाला.

किशनला लोक ओळखतात ते टीव्हीमुळे. सेलूला एका गोदामाचं छप्पर त्याने नीट केलेलं एका इंजिनिअरने पाहिलं आणि त्याचं नाव मुंबईला कळवलं. खेड्यातल्या लोकांसाठीच्या कार्यक्रमात महिन्यातून एकदा तो घराची दुरुस्ती शिकवू लागला. भिंतीचे पोपडे, खचलेली चौकट, गळकं माळवद... गावची पांढरी माती पिशवीत बांधून तो रेल्वेने न्यायचा, कारण तिकडच्या मातीवर त्याचा भरवसा नव्हता. शुद्ध बोला, असं त्याला बजावलेलं असे. दोन वाक्यं तो शुद्ध बोलायचा आणि तिसऱ्याला "हितून लय गळायलंय बघा" म्हणायचा. लोकांना तेच आवडायचं. सहा-सात वर्षं हे चाललं.

बोरीत पहिला टीव्ही आमच्याकडे आला. किशनच्या कार्यक्रमाला ओसरी भरून जायची. किशन गावाबाहेरच्या वस्तीतला. त्याची आई अंगणात, पायरीच्या खाली बसून मुलाला पाहायची. "गावाचं नाव काढलं पोरानं," असं वडील कौतुकाने म्हणायचे. तिला 'वर ये' कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

एकदा त्याने माळवदाची गळती शोधून दाखवली. मातीच्या छताला भोक एकीकडे असतं आणि पाणी आत भलतीकडेच ठिपकतं. किशन म्हणाला, "आत जाऊन बघता आलं तर चांगलंच. न्हाई आलं, तर घरातल्या माणसाला खालून काठीनं ठोकायला लावायचं आन् आपण वर मातीला कान लावायचा." ओसरीवर सगळे माना डोलवत होते. मला मात्र कुठे तोंड लपवू असं झालं.

कारण ही युक्ती आमच्याच घरी निघाली होती. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावं पेटली, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात आमचं देवघर गळायला लागलं. वडिलांनी किशनला बोलावलं, पण शिडी बाहेरून लावली. "खालून बघितल्याबिगर कसं कळंल, मालक?" त्याने विचारलं. वडील दारातच उभे राहिले. मग तो माझ्याकडे वळला. "वसंता, तू जा आत. गळायलंय तिथं ठोक." मी आतून ठोकत राहिलो आणि वर तो ओल्या मातीवर कान लावून पालथा पडला होता. तासाभरात गळती थांबली. चहा त्याला शिडीपाशीच दिला, वेगळ्या कपात. मी तेव्हा लहान नव्हतो, चांगला नोकरी करणारा शिक्षक होतो.

वडील गेल्यावर हे सगळं त्यांच्या माथी मारून मी मोकळा झालो. परभणीला स्लॅबचं घर बांधलं. वास्तुशांतीला किशनला बोलावलं नाही, सोयरे येणार होते. पुढे तो बसस्टँडवर भेटला.

"घर बांधलंस म्हणं. येऊ का बघायला एकदा?"

"ये की," मी म्हटलं, "जरा रंगाचं काम उरकू दे."

रंग कधीच झाला होता. घरं वाचण्यात ज्याचा हात धरणारा कुणी नव्हता, त्याला मी रंगाची थाप मारत होतो. तो माझ्याकडे बघून हसला. "होऊ दे निवांत," म्हणाला. पुन्हा त्याने कधी विचारलं नाही... आणि मला सुटल्यासारखं वाटलं, याची लाज सगळ्यात जास्त आहे.

बातमी कळल्यावर तिसऱ्या दिवशी बोरीला किशनच्या घरी गेलो. बाहेरच्या बाजेवर टेकत होतो, तेवढ्यात त्याच्या बायकोने, सुमनवहिनींनी, "तिथं कशाला भाऊजी, आत या" म्हणत थेट चुलीपाशी पाट मांडला. कोनाड्यात त्याची थापी पुसून ठेवलेली होती, घामाने मूठ काळी पडलेली.

"तुमचं नवं घर बघायचं लय मनात होतं त्यांच्या," चहा देत वहिनी म्हणाल्या.

मी चहा संपवला. उठताना 'आता तुम्ही या घरी' हे शब्द ओठांवर आले. पण दुखवट्याच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, 'या' म्हणत नाहीत. तशी रीतच आहे आपल्याकडे. त्या रीतीच्या आडून मी चपला घातल्या आणि गप्प निघून आलो.