शिंपल्यांना आग्रह चालत नाही

समुद्राची खरी काळजी वाहणारा माणूस सबंध महाराष्ट्रात एकच, आणि तो समुद्रापासून कोसो दूर, राहात्याला राहतो. ते माझे थोरले मामा. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि मुलीकडे अलिबागला गेले. तिथे रश्श्यासाठी आणलेले शिंपले त्यांनी कढईच्या तोंडातून सोडवले आणि समुद्राच्या पाण्याच्या कॅनसकट एसटीनं घरी आणले. कंडक्टरनं विचारलं, "ह्यात काय हाय?" मामा म्हणाले, "पाहुणे." कंडक्टर बराच वेळ तिकिटाचा विचार करत उभा होता म्हणे.

तेव्हापासून बैठकीत टीव्हीच्या जागी काचेची टाकी आहे. गच्चीवर बरण्यांतून शेवाळाचं हिरवं पाणी पिकतं, ते या मंडळींचं जेवण. शिंपला एका नळीनं पाणी आत ओढतो, कल्ल्यांवर गाळतो, हवं ते तोंडाकडे सरकवतो, नको ते चिकट गोळी करून बाहेर ढकलतो. पाणी फारच दाट झालं, की सरळ मिटून बसतो. मामांना यात आयुष्याचं सार सापडलं. आमच्याकडे आग्रहाशिवाय साधा चहा होत नाही, पण हे गृहस्थ पाहुण्याला अर्धी भाकरी वाढून गप्प! "दाट पाणी नको," एवढंच म्हणायचे. एका लग्नात व्याह्यांनी जिलबी तोंडाशी आणली, तर यांनी आधी ओठ मिटले, मग डोळे मिटले, आणि व्याही कंटाळून पुढे जाईपर्यंत उघडले नाहीत. नको असलेल्या वांग्याची गोळी करून ताटाच्या कडेला ठेवायची आणि वर वाढप्याला समजावायचं, "हे टाकलेलं नाही, नाकारलेलं आहे."

मामींचं सगळं उलट. कुणी उपाशी दिसलं की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. मामा कर्जतला गेल्याची संधी साधून त्यांनी टाकीत मूठभर बेसन सोडलं. मामा परतले तर पाण्याची कढी झालेली आणि शिंपले घट्ट बंद. त्यांचा चेहराच उतरला. "अवो, नुसत्या हिरव्या पान्यावर जीव कसा जगंल? मला न्हाई बघवलं," म्हणत मामी रडायलाच लागल्या. मामांनी पाणी बदललं आणि टाकीसमोर बसून राहिले. मामी ताट घेऊन आग्रह करताहेत आणि मामा मिटलेले! सकाळी एका शिंपल्यातून नळी डोकावली, तेव्हा त्यांनी ओरडून मामींना बोलावलं आणि स्वतःसाठी पिठलं मागितलं.

गेल्या हिवाळ्यात मामी गेल्या. मामांनी अन्न सोडलं. शेजारीपाजारी, नातेवाईक डबे घेऊन येत, "खा हो, दोन घास तरी खा" करत, आणि मामा आणखीच मिटत. मी म्हटलं, आता यांच्याच शास्त्रानं जायचं. अर्धी भाकरी आणि पिठलं वाढलं, आणि एक शब्द न बोलता टाकीकडे बघत बसलो. बऱ्याच वेळानं मामांनी घास घेतला. भाकरी संपली. ताटाच्या कडेला एकही गोळी नव्हती. मी ताट उचलायला वाकलो, तसा त्यांनी माझा हात धरला.

"आणखी वाढू, मामा?"

"नको," ते म्हणाले. मग टाकीकडे बघत हळूच म्हणाले, "पण थोडा आग्रह कर की रे."