पान चार बघा

मास्तर कुठलंही नवीन गाणं शेवटपर्यंत ऐकून घेत नसत. रिक्षात असोत, चहाच्या टपरीवर असोत की कुणाच्या वास्तुशांतीच्या पंगतीत. गाणं लागलं की पहिल्या दोन ओळी मान खाली घालून ऐकायचे. तिसऱ्या ओळीला मान वर यायची आणि समोर जो कुणी असेल त्याला, ओळख असो वा नसो, ते सांगायचे, "हे झालंय." आवाज चढवून नाही, पण कुणी पायावर पाय दिल्यासारखा चेहरा करून. एका रिक्षावाल्याने चुकून विचारलं, "काय झालंय, काका?" तर रिक्षा बाजूला घ्यायला लावून त्यांनी त्याला पाच मिनिटं समजावलं. मागच्या सीटवरच्या दोन बायका शेवटी उतरून चालत गेल्या.

गाणी कुणाची, ते सांगायला हवं. आमच्या पट्ट्यात हळदीची गाणी गाणारा एक गायक आहे. त्याचं नाव मी लिहिणार नाही. ते रिक्षांच्या मागे आणि वाढदिवसाच्या बॅनरवर पुरेशा मोठ्या अक्षरांत आहे, त्यात माझी भर नको. गॉगलवालं गाणं त्याचं, स्कूटीवालं त्याचं, करवलीचं त्याचं, धाकट्या दिराचंही त्याचंच. दर लग्नसराईला एक नवीन येतं आणि बदलापूरपासून उल्हासनगरपर्यंत एक मांडव त्याच्याशिवाय हलत नाही. मास्तरांचं म्हणणं एवढंच होतं की हा माणूस इतकी वर्षं एकच गाणं गातोय, आणि कुणी त्याला विचारत नाही.

मास्तर बेंजो वाजवायचे. तारांचं वाद्य, पण वर टाइपरायटरसारखी बटणं. त्यांची स्वतःची बेंजो पार्टी होती आणि मी त्यात दुसरा बेंजो, म्हणजे मास्तर जातील त्यांच्या मागोमाग जाणारा. पोटापाण्यासाठी आम्ही दोघेही अंबरनाथ एमआयडीसीतल्या एकाच कंपनीत होतो. मास्तर लेथवर, मी फिटर. मशिनचं बेअरिंग जाणार असेल तर मास्तरांना आवाजावरून दोन दिवस आधी कळायचं, आणि साहेब लोकसुद्धा मुकाट्याने मशिन बंद करायचे. "लोखंडाचं सांगितलं तर ऐकतात, गाण्याचं सांगितलं तर हसतात," असं ते म्हणायचे. त्यांचा खरा राग इथून सुरू व्हायचा.

स्वर लिहिण्याची शास्त्रशुद्ध पद्धत त्यांना येत नव्हती. त्यांनी बेंजोच्या बटणांवर बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, नेलपॉलिशने आकडे रंगवले होते, आणि नवीन गाणं बसवायचं म्हणजे ते आकडे एका शंभरपानी वहीत उतरवून काढायचे. त्या गायकाचं पहिलं गाणं पान चारवर होतं, सुवाच्य अक्षरात, प्रत्येक ओळीखाली पट्टीने रेघ मारलेली. पान सातवर गॉगलवालं. त्याचेही आकडे पूर्ण लिहिलेले, आणि खाली शेरा: "सुरुवात बदलली. बाकी पान चार." पान अकरावर स्कूटीवालं: "वेग वाढवला. पान चार बघा." त्यानंतर आकडे लिहिण्याचे कष्टही त्यांनी घेतले नाहीत. गाण्याचं नाव आणि खाली "पान चार बघा". मला आधी हा म्हाताऱ्याचा हेका वाटला. मग एका रविवारी त्यांनी मला पान चार आणि पान सात शेजारी ठेवून दोन्ही वाजवायला लावली, आणि त्या दिवसापासून ती गाणी मला वेगळी ऐकूच येईनात.

पण कुणी त्या गायकाला चोर म्हटलं की मास्तर त्याच्यावरही डाफरायचे. "चोरी नाही केली त्याने. पहिलं गाणं त्याचं स्वतःचं आहे आणि चांगलं आहे. वाईट असतं तर मी कशाला डोकं फिरवून घेतलं असतं?"

तारा घ्यायला आम्ही उल्हासनगरला जायचो. दुकानाचे मालक सिंधी, गोड बोलणारे; सगळे त्यांना साई म्हणत. मास्तरांनी त्यांच्यासमोर हाच विषय काढला. साईंनी समजूत घातली, "मास्टरजी, जीन्स का एक कट चल गया, तो हम उसी में दस कलर निकालते हैं ना? पब्लिक खुश, कारीगर खुश. आप क्यूं टेन्शन लेते हो?" मास्तर उसळले. "दस पँट लिया तो आदमी दस दिन पहन सकता है. ये दस गाने का मैं क्या करूं?" आणि तारा न घेताच पायऱ्या उतरले. पुढच्या चौकात थांबून त्यांनी मला तारा आणायला परत पाठवलं. स्वतः काही आले नाहीत.

पार्टीचा माइक दिन्याच्या हातात असायचा. गाण्यांची नावं पुकारणं आणि सुपाऱ्या घेणं ही त्याची कामं. नवीन गाणी वाजवली नाहीत तर सगळ्या सुपाऱ्या डीजेवाले नेतील, अशी भीती तो रोज घालायचा. मास्तर त्या गायकाचं नवीन गाणं वाजवायला तयार नसायचे, आणि दिन्या चिडायचा. अशात जांभूळ गावच्या एका हळदीत संध्याकाळी नवरदेवाचे मामा समोर येऊन उभे राहिले. "ओ मास्तर, त्या स्कूटीचा गाना वाजवा ना! पोरां कवाची थांबलीत. तुमची पार्टी आता जुनी झाली, बोलतात लोका." मास्तरांनी एकदा मामांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. म्हणाले, "आज सगळी वाजवू. तू पान चार सोडू नकोस."

मग त्यांनी दिन्याला सात गाण्यांची नावं सांगितली आणि आम्ही सात वेळा पान चार वाजवलं. वेग तोच, ठेका तोच. एकही आकडा इकडचा तिकडे नाही. दिन्या ओरडला, "गॉगल!" आणि दोनशे माणसांनी डोळ्यांवर बोटं धरली. दिन्या ओरडला, "स्कूटी!" आणि त्याच दोनशे माणसांनी हवेत हँडल पिळलं. करवलीला बायका पुढे आल्या, दिराला बाप्ये. सातवं संपल्यावर मामांनी घामाघूम होऊन मास्तरांना मिठीच मारली. "आज सगली नवीनच वाजवलीत! मानला तुमाला!"

परतताना टेम्पोत मी हसत होतो, हे कबूल करतो. मला तो फार मोठा विनोद वाटला होता. मास्तर बेंजोच्या पेटीवर हात ठेवून बसले होते. म्हणाले, "मला वाटलं, दुसऱ्याच गाण्याला कुणीतरी पकडेल. एखादी म्हातारी तरी ओरडेल, की काय फसवताय. अरे, मला पकडून घ्यायचं होतं." मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी जे नीट वाजवलं, तेही कुणी ऐकलं नसणार."

पुढच्या रविवारी सरावाला दिन्या तयारीनेच आला. "मास्तर, तुम्हीच दाखवलंत ना, चाल एकच आहे? मग एक चाल तर हापण वाजवेल." हा म्हणजे मी. "तुम्ही आता आराम करा. पार्टीला जरा यंग लूक पाहिजे." मास्तरांना जे आयुष्यभर कुणीतरी मान्य करावं असं वाटत होतं, ते मान्य करणारा हा पहिला माणूस, आणि त्याने ते त्यांना घरी बसवण्यासाठी मान्य केलं. पार्टी मास्तरांची, पहिला ढोल त्यांच्या फंडाच्या पैशातून आलेला. दिन्याचा राग मला आजही येतो. पण मास्तरांनी तेव्हा दिन्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तारा पुसत होतो. पुसतच राहिलो. "मास्तर नाहीत तर मीही नाही," एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? मला पहिला बेंजो व्हायचं होतं, हे त्याचं उत्तर आहे, आणि ते लिहिताना आजही लाज वाटते.

मास्तरांनी वही माझ्यापुढे ठेवली. "ठेव. तुला एकच पान लागेल," म्हणाले आणि चपला घालून गेले.

दोन वर्षं आमच्या तारखा भरलेल्या होत्या. कोट शिवले, टेम्पोला दिवे लावले. वही मी उघडली नाही, कारण पान चार मला पाठ होतं. मग एका दुपारी कुळगावातून वरात निघाली ती नेमकी मास्तरांच्या बिल्डिंगवरून. ते गेटपाशी उभे होते, बनियन आणि लेंग्यात. मी खाली बटणांकडे बघत वाजवत राहिलो. वरात पुढे सरकेपर्यंत ते हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. काकूंनी काही न विचारता चहा ठेवला. मी म्हटलं, "मास्तर, रागावलात?"

"रागावलोय. तू तीन आकडे खातोस."

मला कळेना. त्यांनी टेबलावर बोटांनीच वाजवून दाखवलं. अंतऱ्याच्या शेवटी चाल वर चढत जाते. ऐकणाऱ्याला वाटतं, आता अजून वर जाणार, आणि तिथे ती तीन पायऱ्या गपकन खाली येते. नाचणारे त्या जागी अडखळतात, म्हणून मी ते तीन आकडे केव्हातरी सोडून दिले होते. केव्हा, ते मलाही आठवत नव्हतं.

"त्या गाणाऱ्या पोराला हे सुचलं तेव्हा त्याला कुत्रंसुद्धा ओळखत नव्हतं," मास्तर म्हणाले. "आख्ख्या गाण्यात तेवढंच त्याचं आहे. मी इतक्या शिव्या घातल्या त्याला, पण दहादा विकूनसुद्धा ती जागा त्याने गाळली नाही. तू गाळलीस." चहाचा कप त्यांनी खाली ठेवला. "मला काढलंत, ते राहू दे. पण एकच चाल वाजवायची होती ना रे तुला? ती तरी पूर्ण वाजवायचीस."

मी मान खाली घालून चहा प्यालो. पुढच्या लग्नसराईच्या आधी मास्तर गेले.

परवा अंबरनाथला एका हळदीत मी ती जागा घेतली. वर चढलो, थांबलो, आणि तिन्ही आकडे एकेक करून खाली उतरलो. समोर नाचणाऱ्या चार पोरांचे पाय चुकले. दिन्याने माइक बाजूला धरला आणि माझ्या कानाशी वाकून विचारलं, "काय रे, चुकलास काय?"

मी दुसऱ्या अंतऱ्याला पुन्हा तसाच चुकलो.