पुरावा क्रमांक सात

आमच्या संघटनेत पत्रकं मी लिहिते. लातूरच्या त्या जनसुनावणीचंही मीच लिहिलं. वर ठसठशीत छापलं : 'जनतेचं न्यायालय. पुरावे घेऊन या.' खाली गोल शिक्का. तो खराच वाटला पाहिजे, हा मुंबईहून आलेल्या कलावंताचा हट्ट. साक्षीदाराचा कठडा, काळे झगे, सगळी त्याचीच 'कलाकृती'.

रेणापूरकडच्या एका खेड्यातून मावशी आल्या. त्यांच्या बौद्धवाड्याच्या स्मशानभूमीची वाट एका बड्या माणसाने तारा ठोकून अडवलेली. नवऱ्याची तिरडी गुडघाभर चिखलातून न्यावी लागली, हे त्यांनी कठड्यातून सांगितलं. मग पिशवीतून अर्ज काढून थेट न्यायमूर्तीच्या हातात दिला. त्यावर तहसीलच्या आवकचा शिक्का, तीच त्यांची पोच. मी कानात म्हटलं, "मावशी, झेरॉक्स द्यायची ना!"

"कोर्टात अस्सलच द्यावं लागतंय. मला काय येडी समजलीस?"

न्यायमूर्ती म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक. त्यांनी हातोडा आपटला, "प्रशासन दोषी!" टाळ्या, मोबाईल, फोटो.

"मंग साहेब, तारा कवा काढताव?" मावशींनी विचारलं.

सभागृह हसलं. मीही हसले. लाज वाटते सांगताना, पण हसले.

आठ दिवसांनी तहसीलमधला बाबू मावशींना म्हणाला, "असा अर्जच आला नाही. पोच दाखवा." पोच कुठे? कलावंताने त्याच सभागृहात मांडलेल्या प्रदर्शनात, काचेमागे. 'पुरावा क्रमांक सात.'

मावशींना घेऊन मी तिथे गेले. कलावंत म्हणाला, "तो कागद आता कलाकृतीचा भाग आहे. स्कॅन पाठवतो."

"स्कॅनला तहसीलात कुत्रं विचारत नाही," मी म्हटलं.

"मूळ कागदातच ती वेदना आहे, ताई."

"वेदना गावात आहे. तिथल्या तारेला टांगा तुमची चौकट!"

मीच चौकट उतरवली, उलटी केली, मागचे खिळे किल्लीने उचकटले. तो ओरडत होता, "तुम्ही काम उद्ध्वस्त करताय!" करत होते. बरं वाटत होतं.

बसस्थानकावर मावशींनी कागद उजेडात धरून शिक्का नीट न्याहाळला.

"ह्यो खरा हाय. तुझ्या पत्रकावरचा कुणाचा व्हता गं?"

"कुणाचाच नाही, मावशी."

रेणापूरची गाडी लागली. उद्या तहसीलला मी येते, तोवर कागद माझ्याकडे ठेवते, म्हटलं.

त्यांनी कागदाची घडी पिशवीत घातली आणि पिशवी माझ्यापासून लांबच्या खांद्याला घेतली.