‘साहेब, मले सोडू नका’

इतकी वर्षे लोटली, पण वैनगंगेकाठची ती घटना मनातून जात नाही. एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातले तहसिलीचे गाव होते आणि मी तिथे ठाणेदार होतो.

जून महिना होता. सकाळची हजेरी चालू असताना घाटावरचा डोंगेवाला धापा टाकत ठाण्यात आला. नदीकाठी एका पोराचे प्रेत होते. मी पंचनामा केला, मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल केला आणि प्रेत दवाखान्यात पाठवले. ओळख लगेच पटली. मुलगा धानोऱ्याकडच्या एका खेड्यातला होता आणि गडचिरोलीत खोली घेऊन मॅट्रिकला शिकत होता.

डोंगेवाल्याने जाता जाता एक गोष्ट सांगितली. “साहेब, काल दुपारी दोघं जन बसून होते घाटावर. वापस एकच आला.”

दुसरा मुलगा त्याच खोलीत राहणारा, त्याचा जिवलग मित्र. शिपाई त्याला आणायला गेला तेव्हा तो भिंतीला टेकून बसलेला होता. ठाण्यात आणल्यावर मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, “मीच मारलो त्याले.”

जमादार कबुलीजबाब लिहायला सरसावले. मी त्यांना थांबवले. डॉक्टरांना प्रेताच्या अंगावर झटापटीची एकही खूण दिसली नव्हती. शिवाय, खून केलेला माणूस आधी स्वतःला वाचवायला बघतो, हा माझा अनुभव. हा पोरगा तर स्वतःला बुडवायला निघाला होता.

जमादारांना बाहेर पाठवून मी त्याच्याजवळ बसलो. चहा मागवला. त्याने कपाला हात लावला नाही.

“कसा मारलास?” मी विचारले.

तो बोलू लागला. नागपूरहून निकालाचा पेपर आला होता. दोघांचेही नंबर त्यात नव्हते. “तो म्हने, गावात मॅट्रिकले बसलेला मी पयलाच. आता तोंड कसं दाखवू? मी म्हनलो, मी बी नाई दाखवत. दोघंही संगच जाऊ म्हनलो. मंग मले भेव लागला. मी पळून आलो. कोनाले सांगतलो असतो, तर तो वाचला असता ना, साहेब!”

गुन्ह्याचा उलगडा झाला होता. गुन्हा नव्हताच. जायला सांगितले तरी तो उठेना. तेव्हा मी सरळच विचारले, “तुझ्याही मनात जीव द्यायचा विचार आहे का?”

त्याने माझा हात घट्ट धरला. “साहेब, मले सोडू नका. कोठडीत ठेवा. बाहेर गेलो तर माहा भरोसा नाई.”

मी त्याला माझ्या टेबलाशेजारी बसवले आणि त्याच्या वडिलांना निरोप धाडला. ते पोचण्याआधी मेलेल्या मुलाचा बाप आला. शेतात धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकता टाकता उठून आलेला, पायाला चिखल तसाच. मी त्याला सगळे सांगितले. तो टेबलाशेजारी बसलेल्या पोराकडे वळला.

“तू बी नापास झाला का रे, बाबू?”

पोराने मान डोलावली.

“मंग तो काऊन नाई बोलला मले? मी का मारलो असतो त्याले?”

 मग त्याने पोराच्या पाठीवर हात ठेवला. “तुया बापाले येऊ दे. मी बोलतो त्याच्यासंग. तू भेऊ नोको.”

पोराचे वडील आल्यावर तो त्यांच्याशी खरोखरच बोलला. त्यानंतरच स्वतःच्या मुलाच्या प्रेताजवळ गेला.

तो पोरगा जगला. पुढे परीक्षेला बसला नाही. गोंडपिपरीकडे शेती करतो, लेकराबाळांत आहे, असे ऐकले.

त्या दिवसापासून कोणी तरुण मुलगा असा गप्प दिसला, की मी आडवळणाने बोललो नाही. जीव द्यायचा विचार येतो का, हे सरळ विचारले. विचारल्याने कोणी मेले नाही, उलट पोरे रडली आणि बोलू लागली. निकालाच्या दिवसांत शाळांनी मुलांना एकटे घरी धाडू नये, हेही मी प्रत्येक बदलीच्या गावी सांगत आलो.

पण त्या दिवशी ठाण्याच्या पायऱ्या उतरताना मेलेल्या मुलाच्या बापाने मागे वळून मला विचारले होते.

“साहेब, हे मॅट्रिक म्हंजे काय असते? मले तर ठाऊकच नाई. मी त्याले पास हो म्हनून कधी म्हनलोच नोहतो.”