चुकले म्हणायचं कशाबद्दल

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ‘वडील’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक घरातले वडील. दुसरे मंडळीने निवडलेले, पाळकांबरोबर कारभार पाहणारे आणि प्रभुभोजनाच्या रविवारी पावाच्या तुकड्यांचं ताट बाकांमधून फिरवणारे. पप्पा दोन्ही होते. त्यामुळे ताईचं प्रकरण आमच्या कोपरच्या घरात आणि कल्याणच्या मंडळीत एकाच वेळी चाललं.

ताईने ठाण्याला नोंदणी पद्धतीने लग्न केलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, बौद्ध कुटुंबातला. त्याने बाप्तिस्मा घेतला नाही. तिने घ्यायला सांगितला नाही. मंडळीचा नियम असा, की बाहेर लग्न केलं तर प्रभुभोजन बंद. उपासनेला यायचं, गीतं म्हणायची, मात्र ताट आपल्यासमोरून पुढे जाऊ द्यायचं. बंदी उठवायची असेल तर एका रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून ‘चुकले’ म्हणायचं. बहुतेक जण म्हणतात. फार वेळ लागत नाही, आणि नंतर चहा असतो.

पाळक आणि मंडळीचे आणखी एक वडील घरी आले. आमच्या रीतीप्रमाणे सलाम झाला, आईने पोहे दिले.

“बाळा,” पाळक म्हणाले, “नवरा सोड असं कोणी म्हणत नाही. उभी राहा, चुकले म्हण, बस.”

“कशाबद्दल?”

“आता ते काय तुला सांगायला हवं?”

“पाळकसाहेब, माझी पापं पुष्कळ आहेत. दोन वर्षं आईला ओव्हरटाइम सांगून त्याला भेटत होते. रोज खोटं. त्याबद्दल उभी राहते. येत्या रविवारीच राहते.”

सोबतच्या वडिलांनी चमचा खाली ठेवला. “ते खोटं-बिटं घरच्या घरी मिटवा गं. आम्ही लग्नाबद्दल बोलतोय.”

“लग्न पाप नाही. त्याबद्दल चुकले म्हटलं तर ते देवासमोर खोटं. मग पुन्हा कुठे उभी राहू?”

“नियम आहे,” पप्पा म्हणाले. “सगळ्यांना आहे.”

“हे कोणते वडील बोलतायत?”

आई उठून स्वयंपाकघरात गेली.

“रविवारच्या शाळेत तुम्हीच शिकवलंत ना, पप्पा? मोशेचं नियमशास्त्र डाग दाखवतं, धूत नाही. धुणं देवाच्या कृपेचं काम, आणि ती फुकट. मग मी काय कृपेसाठी अर्ज करू?”

पोहे तसेच राहिले. मंडळीला जे पाप हवं होतं ते तिच्याकडे नव्हतं. जे होतं ते मंडळीला नको होतं.

भावोजींना हे सगळं ताईने नंतर सांगितलं. ते आमच्याकडे आले तेव्हा पप्पांसमोरच म्हणाले, “म्हणजे तुमच्यातही वेगळं बसवतात?” विचारण्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. आमचे पणजोबा नगरकडे ख्रिस्ती झाले ते गावात वेगळं बसवत म्हणूनच. ही गोष्ट पप्पा पाहुण्यांना हौसेने सांगतात. त्या दिवशी सांगितली नाही.

त्यानंतरच्या प्रभुभोजनाला आमच्या बाकांकडे ताट घेऊन पप्पाच आले. ताईने हात पुढे केला. पप्पांनी ताट तिच्या हातावरून पलीकडच्या बाईंपुढे नेलं. त्यांचा हात स्थिर होता. ताट मागच्या बाकापर्यंत जाऊन परत मेजावर ठेवलं गेलं, तरी ताईने हात मागे घेतला नव्हता.

दुपारी पप्पा जेवले नाहीत.

“आता उपास कशाला?” आई म्हणाली. “नियम पाळलात ना?”

पुढच्या बैठकीत त्यांनी वडीलपद सोडलं. पोहे टाकून गेलेले तेच वडील समजावायला लागले, तेव्हा पप्पांनी विचारलं, “त्या ताटाला मी कधी लायक होतो, ते सांगा.”

“भाऊ, असं धरून बसलात तर कोणीच लायक नाही.”

“तेच म्हणतोय.”

नियम बदलला नाही. त्यावर चर्चाही झाली नाही. कोणी म्हणालं भाऊंचे गुडघे दुखतात, कोणी म्हणालं पोरीने डोकं फिरवलं.

पुढच्या प्रभुभोजनाला पप्पा ताईशेजारी बसले. कित्येक वर्षांत ते त्या रविवारी बाकावर बसलेले मी पाहिले नव्हते. ताट आता दुसऱ्या वडिलांकडे होतं. त्यांनी ते ताईला टाळून पप्पांपुढे धरलं. पप्पांनी घेतलं नाही. त्या वेळी आमच्याकडे कोणी बोलत नाही, खोकलासुद्धा लोक दाबतात. पप्पा लग्नाच्या पंगतीत म्हणावं तसं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “इकडे राहिलं. इकडे वाढा.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. ताटवाल्या वडिलांनी पाळकांकडे पाहिलं. पाळक पुस्तकात पाहत होते.

“भाऊ, नियम आहे,” ताटवाले वडील हळूच म्हणाले.

“माहीत आहे. मीच पाळलाय. वाढा.”

ताट मागे ताईपुढे आलं. ताईने एक तुकडा उचलला, मग पप्पांनी.